ऑफिसच्या कामाने मेम्फिसला जातोय, शनिवार-रविवारी काय करू? (शाकाहारी, खिशातले ३५० डॉलर)

टपरीवरचा_चहा
नमस्कार मंडळी. कंपनी ऑक्टोबरमध्ये मेम्फिसला (टेनेसी) धाडतेय. गोदामात सॉफ्टवेअर बसवायचं काम, तीनेक आठवडे. हॉटेल, जेवणाचा भत्ता आणि गोदामापर्यंतची ने-आण कंपनीकडे. शनिवार-रविवार माझे. त्यासाठी स्वतःच्या खिशातून ३५० डॉलर बाजूला काढलेत, त्याच्यावर एक सेंट नाही. अमेरिकेला पहिल्यांदाच चाललोय. शाकाहारी आहे, अंडं चालतं. गाडी भाड्याने घ्यायची नाही. मॉलमध्ये रस नाही. तिथली माणसं, गाणं, जेवण यातलं काही अनुभवता आलं तर बघायचंय. जो तो म्हणतो मेम्फिसला काही नाही. खरंच का?

जर्सीचा_जावई
खरंच काही नाही. शुक्रवारी संध्याकाळचं विमान पकडा आणि सरळ न्यूयॉर्कला या. हॉटेल मॅनहॅटनमध्येच घ्या, पैसे वाचवायला लांब राहिलात तर निम्मा दिवस लोकलमध्ये जातो, आमच्या साडूंचं तेच झालं. दुसऱ्या शनिवारी नायगारा. एकदाच येताय तर पैशाकडे बघू नका.

डॅलसकर
मेम्फिस म्हणजे ग्रेसलँड. रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्लीने १९५७ साली घेतलेलं घर, १९७७ ला गेलाही तिथेच. आम्ही सगळ्यात महागडं तिकीट काढलं होतं, घर, गाड्या, त्याची दोन विमानं, सगळं निवांत बघितलं. साधं तिकीटसुद्धा ऐंशी डॉलरच्या आसपास जातं, पण वसूल. गाडी मात्र घ्याच, अमेरिकेत गाडीशिवाय माणूस पांगळा. आणि जेवायला रॉन्देव्हू. १९४८ पासूनचं, बोळातून आत शिरून तळघरात उतरायचं. रिब्जवर (डुकराच्या बरगड्या) सॉस नाही, नुसता कोरडा मसाला. आमच्या टेक्सासचं ब्रिस्केट त्याहून सरस, पण तो वेगळा धागा होईल.

अटलांटाची_आत्या
अहो, ते शाकाहारी आहेत. शीर्षकातच लिहिलंय.

डॅलसकर
मग चिकन खा. गसचं फ्राइड चिकन, चांगलं झणझणीत असतं, आपल्याला चालतं.

अटलांटाची_आत्या
धन्य आहात.

चहा, तुम्ही माझं ऐका, वीस वर्षं दक्षिणेत काढलीत आणि घरात सासूबाई कट्टर शाकाहारी होत्या. तिकडे जेवणात भाजी भरपूर दिसते आणि तिथेच फसगत होते. कोलार्डचा पाला, फरसबी, चवळी, बटर बीन्स, सगळं तासन्‌तास मंद आचेवर शिजतं आणि त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा टाकलेला असतो. वाढणारी बाई 'हो हो, भाजीच आहे' म्हणते आणि तिच्या दृष्टीने ती खरंच भाजी असते. म्हणून 'यात मीट आहे का' असं विचारू नका. 'हे हॅम किंवा बेकन घालून शिजवलंय का' असं नावानिशी विचारा. 'मीट अँड थ्री' नावाची जेवणघरं असतात, एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. तिथे नुसत्या भाज्यांचं ताट मागता येतं. मॅकरोनी-चीज तिथे भाजीच्या रांगेत बसतं, हसू नका, घ्या. तळलेली भेंडी बहुतेक ठिकाणी चालते, पण तेल कुठलं ते विचारा. सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची पेज. लोणी-मीठ घालून घ्या. बिस्किटावर (तिकडे ते मऊ पावासारखं असतं) ओततात ती पांढरी ग्रेव्ही मात्र सॉसेजची असते, तिच्या वाटेला जाऊ नका. शेवटी पीच कॉबलर नाहीतर बनाना पुडिंग.

स्वीट टी, म्हणजे भरपूर साखरेचा गार चहा, एकदा पिऊन बघा. दुसऱ्या खेपेला अर्धी बिनसाखरेची मिसळून मागा.

फुकटफौजदार
मेम्फिस सुरक्षित नाही. मी कामानिमित्त होतो तेव्हा हॉटेलच्या पार्किंगमध्ये भाड्याच्या गाडीची काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली. पोलिसांनी फोनवर तक्रार लिहून घेतली, संपलं. कंपनीने लॅपटॉपचे पैसे कापले माझ्या पगारातून. काम करा, खोलीत बसा, परत या.

सूरपेटी
बॅग गाडीत ठेवली कशाला?

फुकटफौजदार
तो मुद्दा नाही.

सूरपेटी
तोच मुद्दा आहे. असो. चहा, 'गाणं' म्हणालात म्हणून लिहितोय. मेम्फिसला काही नाही म्हणणाऱ्याने गाणं ऐकलेलं नाही. युनियन अव्हेन्यूवर सन स्टुडिओ आहे, गाणी रेकॉर्ड करायची एक छोटी खोली, १९५० साली सॅम फिलिप्सने सुरू केलेली. हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग, जॉनी कॅश तिथे गायले आणि १९५४ साली ट्रक चालवणारा पोरगा एल्व्हिसही. एल्व्हिस बघायचाच असेल तर त्या खोलीत बघा, घराचे गालिचे बघून काय मिळणार? तिकीट ग्रेसलँडच्या मानाने किरकोळ.

पण एकच ठिकाण परवडत असेल तर स्टॅक्स. मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या जुन्या सिनेमागृहात १९६० साली या रेकॉर्ड कंपनीने स्टुडिओ थाटला. ओटिस रेडिंग, आयझॅक हेझ हे गायक इथले. काळे-गोरे वादक एकत्र बसून वाजवत होते आणि दाराबाहेरच्या शहरात ते एकत्र जेवू शकत नव्हते. १९७५ ला दिवाळं निघालं, १९८९ ला इमारत पाडली आणि २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं केलं. आत शिरल्यावर पहिल्यांदा लागतं ते मिसिसिपी डेल्टातलं लाकडी चर्च, उचलून आणून पुन्हा जोडलेलं. सगळं गाणं तिथून निघालं, म्हणून आरंभही तिथूनच. पुढे आयझॅक हेझची सोनं मढवलेली कॅडिलॅक गोल फिरत असते.

आणि जमलंच तर क्लार्क्सडेल. हायवे ६१ ने दक्षिणेला दीड तास. डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये (ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं गाणं) मडी वॉटर्स या गायकाच्या झोपडीचे ओंडके आहेत. तो ट्रॅक्टर चालवायचा, तिथूनच शिकागोला गेला. त्यासाठी मात्र गाडी लागेल.

डॅलसकर
बघा, शेवटी गाडीवरच आले.

ओसरी
पीबडी हॉटेलमधली बदकं कोणीच कशी नाही सांगितली? रोज सकाळी अकराला पाच बदकं लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत लॉबीतल्या कारंज्यात जातात, संध्याकाळी पाचला परत वर. १९३० च्या दशकापासून चाललंय. फुकट. माझा मुलगा अजून सांगतो. फक्त अर्धा तास आधी जा, गर्दी होते.

जर्सीचा_जावई
बदकं बघायला अमेरिकेला? आमच्या इथे सेंट्रल पार्कात ढिगाने आहेत.

निळी_पहाट
लॉरेन मोटेल अजून कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगना तिथल्या ३०६ नंबरच्या खोलीबाहेर, गॅलरीत गोळी लागली. १९९१ पासून तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. ग्रेसलँडच्या तिकिटाच्या पाव किमतीत होतं.

किंग मेम्फिसला का आले होते हे वाचून जा. त्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन सफाई कामगार गेले. पावसात आडोशाला गाडीत मागे बसले होते, कारण काळ्या कामगारांना दुसरा आडोसा नव्हता. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. हातातल्या पाट्यांवर एवढंच लिहिलेलं: मी माणूस आहे. किंग त्यांच्या बाजूने उभं राहायला आले आणि शेवटच्या खेपेला परत गेले नाहीत. आत एक जुन्या घाटाची बस आहे. तुम्ही पुढे बसलात की ड्रायव्हरचा रेकॉर्ड केलेला आवाज दरडावतो, मागे जा म्हणून. मी उठलो नाही. आवाज चढत गेला. शेजारी एक आजोबा बसले होते, तेही उठले नाहीत.

आपल्याला हे परकं नाही. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे सांगायला नको. किंग १९५९ ला भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते. चार तास तरी ठेवा, घाई करू नका.

जर्सीचा_जावई
फिरायला गेल्यावर एवढं जड कशाला घ्यायचं?

निळी_पहाट
त्यांनी 'तिथली माणसं' विचारलंय. माणसांना टाळून माणसं कशी बघणार?

कापूसकोंडा
अकोल्याहून लिहितोय, अमेरिका बघितलेली नाही, तरी सांगतो. माझा पुतण्या तिकडे होता. मेम्फिसला कापसाच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये कॉटन म्युझियम आहे, जिथे उभं राहून सौदे व्हायचे तोच हॉल. विदर्भाच्या माणसाने ते बघावंच. १८६१ ते १८६५ त्यांचं यादवी युद्ध चाललं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्याच तेजीत वर गेले, युद्ध संपताच १८६५ ला सगळा डोलारा कोसळला. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. तर तिथल्या लढाईचा पैसा फोर्टात उभा आहे. ऑक्टोबरात वेचणी चालू असते, यंत्राने, एका माणसाने.

सडेतोड_सोलापुरी
त्यांना अनुदान, आपल्याला आश्वासन. यंदा इथे भाव काय मिळाला ते लिहा की.

कापूसकोंडा
लिहायला लागलो तर धागा पुरणार नाही.

सडेतोड_सोलापुरी
हमीभावाचं काय झालं पुढे? खरेदी केंद्रावर ओलावा दाखवून

ओसरी
कृपया मेम्फिसवर या.

अटलांटाची_आत्या
एक राहिलं. रविवारी कोणी 'आमच्या चर्चला येतोस का' विचारलं तर घाबरू नका. तिकडे ते 'जेवलात का' इतक्या सहज विचारतात. धर्म बदलायला कोणी बसलेलं नसतं. नावाजलेलं चर्चच हवं तर सोल गायक अल ग्रीनने १९७६ ला स्वतःचं काढलंय, बाहेरच्यांना येऊ देतात. इस्त्रीचा शर्ट घाला, जीन्स नको. थाळी फिरते तेव्हा पाच-दहा डॉलर टाका.

फुकटफौजदार
चर्चला अजिबात जाऊ नका. एकदा गेलात की दर आठवड्याला फोन येतो. माझ्या ओळखीच्यांना अजून येतो.

डॅलसकर
चर्चपेक्षा शनिवारी कॉलेज फुटबॉल बघा. तिकडचा खरा धर्म तो.

टपरीवरचा_चहा
सगळ्यांचे आभार. न्यूयॉर्कचं जाणं-येणं बघितलं, नुसत्या विमानात बजेट संपतंय. गाडी नाहीच. आत्याबाई, हॅम-बेकनचं वाक्य फोनमध्ये लिहून घेतलंय. निळी_पहाट, सूरपेटी, तुमची दोन्ही ठिकाणं नक्की. बाकी पोचल्यावर कळवतो.

टपरीवरचा_चहा
मेम्फिसहून. पहिला शनिवार-रविवार झाला, लिहायला आत्ता वेळ मिळाला.

हॉटेल विमानतळाकडे आहे. शहराच्या मध्यात जाऊन-येऊन टॅक्सीचे चाळीस-पन्नास डॉलर होतात, म्हणजे रोज जाणं नाही. शनिवारी सकाळी बदकं बघितली (ओसरी, गर्दीचं बरोबर सांगितलंत), मग चालत लॉरेन मोटेल. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. त्याबद्दल इथे लिहीत नाही, निळी_पहाट यांना वेगळं लिहिलंय. अंधार पडल्यावर बील स्ट्रीटला अर्धा तास. निऑनचे दिवे, प्रत्येक दारातून वेगळं गाणं. मला ब्लूजचे संगीतकार हँडी यांच्या पुतळ्याजवळ बागेत वाजवणारे तिघे जास्त आवडले. बादलीत दोन डॉलर टाकले.

पण खरं सांगायचंय ते रविवारचं. आमच्या पाळीची प्रमुख साठीच्या घरातली बाई आहे. सगळे तिला 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारतात, तिचे साहेबसुद्धा. शुक्रवारी डबा खाताना तिने विचारलं, 'रविवारी तुझं चर्च कुठलं?' मी म्हटलं मी हिंदू आहे. ती म्हणाली, 'बरं, मग दहाला तयार राहा, घ्यायला येते.' पुढे चर्चा नाही.

चर्च प्रसिद्ध वगैरे नाही, वस्तीतलं, विटांचं. दारात पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक. पहिल्या रांगेत नखशिखान्त पांढऱ्या कपड्यातल्या आज्या आणि त्यांच्या हॅट, प्रत्येकीची वेगळी. बाकावर पुठ्ठ्याचे पंखे ठेवलेले, एका बाजूला किंगचं चित्र, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात आणि फोन नंबर. तीन तास चाललं. प्रवचनकार हळूहळू बोलता बोलता गायला लागतो, ऑर्गनवाला त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला धरून सूर टाकतो आणि लोक मधेमधे त्याला उत्तर देतात. कीर्तनाला बसलेल्या माणसाला काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाहुण्यांना उभं करून नाव विचारलं. माझं नाव कोणालाच म्हणता आलं नाही, टाळ्या मात्र जोरदार.

मग तिच्या घरी जेवण. चौदा-पंधरा माणसं. तिने माझ्यासाठी चवळी वेगळ्या पातेल्यात शिजवलेली, 'यात डुक्कर नाही' अशी चिठ्ठी झाकणावर चिकटवून. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून इकडे आली, हे तिच्या भावाने सांगितलं, कोणाबरोबर आली हेही. त्याचे वडील ६८ च्या संपात होते. हे त्याने मीठ मागावं तितक्या सहज सांगितलं. मी आदल्या दिवशीच ते सगळं काचेमागे बघून आलो होतो, मला घास गिळायला जरा वेळ लागला.

सूरपेटी
वा! स्टॅक्स?

टपरीवरचा_चहा
पुढच्या शनिवारी. तिच्या घरापासून जवळ आहे, तिचा नातू सोडणार आहे.

जर्सीचा_जावई
म्हणजे न्यूयॉर्क रद्द?

अटलांटाची_आत्या
परत तिच्याकडे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. चिवडा नेलाय का सोबत?

टपरीवरचा_चहा
नेला होता, संपला. आता देशी दुकानातून शोधून चकली नेतो.

टपरीवरचा_चहा
परत आलो, धागा बंद करायला लिहितोय.

स्टॅक्स बघितलं, सूरपेटी म्हणतात तसंच, त्या लाकडी चर्चपाशीच अर्धा तास गेला. एका सकाळी मिसिसिपीवरच्या जुन्या रेल्वेपुलाला लागून केलेला पादचारी रस्ता चालत अर्कान्साला गेलो आणि परत आलो, फुकटात दोन राज्यं. (बिग रिव्हर क्रॉसिंग, २०१६ ला खुलं झालंय. हे कोणीच सुचवलं नव्हतं, गोदामातल्या पोरांनी सांगितलं.) क्लार्क्सडेल झालं नाही. ग्रेसलँड, सन स्टुडिओ, कॉटन म्युझियम, फुटबॉल, काहीच नाही. उरलेल्या रविवारीही त्याच चर्चमध्ये गेलो आणि त्याच घरी जेवलो. एकूण खर्च दोनशेच्या आत, त्यातला बराचसा टॅक्सीला.

डॅलसकर
मेम्फिसला जाऊन ग्रेसलँड नाही? कोणाला सांगू नका.

कापूसकोंडा
कॉटन म्युझियम राहिलं याचं वाईट वाटलं. पुतण्याला विचारून पत्तासुद्धा टाकणार होतो.

सूरपेटी
क्लार्क्सडेलला त्या नातवाने नेलं असतं की. दीड तास फक्त. ऑक्टोबरमध्ये तिथे... जाऊ दे.

फुकटफौजदार
चर्चचे फोन सुरू झाले का?

टपरीवरचा_चहा
रविवारी येतो एक. जेवणात काय होतं ते सांगायला.

ओसरी
तो मक्याचा ब्रेड कसा करतात विचारलंत का? इथे केला की भुगा होतो.

टपरीवरचा_चहा
समोर उभा राहून बघितला. बिडाचा जाड तवा, खोलगट, तेल घालून ओव्हनमध्ये धूर येईपर्यंत तापवायचा. दोन वाट्या मक्याचं जाडसर पीठ, एक अंडं, मीठ, बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा आणि भज्याच्या पिठाइतकं सैल होईल एवढं आंबट ताक. पीठ ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर तवा थंड आहे. वीस-पंचवीस मिनिटं. काढल्यावर ताटलीवर उलटा, खालची बाजू वर. मैदा नाही, साखर नाही. साखर घातली तर तो केक, असं तिचं म्हणणं.

अटलांटाची_आत्या
आम्ही दोन चमचे घालतो हो. इकडे सगळे घालतात.

टपरीवरचा_चहा
तिला हे मी कळवणार नाही.

डॅलसकर
टेक्सासमध्ये हिरवी मिरची घालतात. तोच खरा.